एका बडतर्फीचा ताळेबंद

लिन कॉनवे यांचे ९ जून २०२४ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, जॅक्सन या गावी, वयाच्या ८६ व्या वर्षी निधन झाले. मराठी वाचकाला हे नाव परिचित असण्याचे फारसे कारण नाही. तथापि बँकेच्या काउंटरवरचा संगणक, आपल्या खिशातला फोन आणि फलाटावर गाडीची वेळ दाखविणारा इंडिकेटर यांच्या पोटात सिलिकॉनची जी इवलीशी चकती असते, ती आखण्याची आजची रीत ज्या मोजक्या व्यक्तींनी घालून दिली, त्यांत या बाईंची गणना होते. याच बाईंना १९६८ साली आय.बी.एम. या बलाढ्य कंपनीने कामावरून दूर केले होते. कारण कामातील कसूर हे नव्हते. पुरुष म्हणून नोकरीस लागलेल्या या अभियंत्याने आपण स्त्री आहोत आणि यापुढे स्त्री म्हणूनच जगणार आहोत असे वरिष्ठांना कळविले, एवढाच त्यांचा अपराध. पुढे २०२० साली, म्हणजे तब्बल ५२ वर्षांनी, त्याच कंपनीने त्यांची जाहीर क्षमा मागितली. या दोन तारखांच्या दरम्यान कोणी काय गमावले आणि कोणी काय मिळविले, याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे.

प्रारंभी शब्दांविषयी थोडेसे. आपल्या सरकारी कागदपत्रांत 'तृतीयपंथी' हा शब्द रूढ आहे आणि त्यामागे या समाजाची शतकानुशतकांची परंपरा उभी आहे. कॉनवे मात्र स्वतःला तिसऱ्या पंथातील मानीत नसत. त्या स्वतःला स्त्री मानीत. त्यांच्यासारख्यांना अलीकडे 'पारलिंगी' म्हटले जाते, आणि त्यांच्यापुरता तो शब्द अधिक नेमका होय.

त्यांचा जन्म २ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील माउंट व्हर्नन येथे झाला. मुलगा म्हणून वाढलेल्या या हुशार विद्यार्थ्याला १९५५ साली एम.आय.टी. या नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला. परंतु देह आणि मन यांचा मेळ बसेना, आणि त्या काळच्या वैद्यकाजवळ त्यावर उपायही नव्हता; शिक्षण अर्धवट सुटले. काही वर्षे तंत्रज्ञ म्हणून काढल्यावर कोलंबिया विद्यापीठातून १९६२ व १९६३ साली विद्युत अभियांत्रिकीच्या दोन पदव्या त्यांनी लागोपाठ मिळविल्या आणि १९६४ साली आय.बी.एम.च्या संशोधन विभागात त्यांची नेमणूक झाली. त्या काळचा सर्वांत वेगवान संगणक उभारण्याच्या एका महत्त्वाकांक्षी प्रकल्पात त्यांना घेण्यात आले. एखाद्या तरुण अभियंत्याने याहून अधिक कशाची अपेक्षा करावी?

तेथे त्यांनी जे केले ते कचेरीत काम करणाऱ्या वाचकाला सहज समजेल. काउंटरवर रांग लागलेली आहे. पहिल्या माणसाच्या अर्जावर साहेबांची सही हवी आहे आणि साहेब जागेवर नाहीत. कारकून नियमावर बोट ठेवून बसला तर मागची सारी रांग खोळंबते. तोच हुशार असेल तर पहिल्याचा अर्ज बाजूला ठेवून ज्यांचे कागद पूर्ण आहेत अशांची कामे उरकून घेतो, आणि सही आली की पहिल्याचे काम पुरे करतो. मात्र एकाचे काम दुसऱ्यावर अवलंबून असेल तर त्यांचा क्रम तो मोडीत नाही. संगणकाच्या आज्ञांचेही असेच असते. एक आज्ञा स्मृतिकोशातून आकडा येण्याची वाट पाहत असताना मागच्या तयार आज्ञा पुढे काढाव्यात, तेही एका वेळी अनेक, आणि हे सारे यंत्रानेच क्षणोक्षणी ठरवावे, अशी योजना कॉनवे यांनी आखली. आजच्या वेगवान प्रक्रियकांत ही कल्पना इतकी मुरलेली आहे की ती कोणी काढली हे विचारण्याचे भानही कोणाला राहत नाही.

अशा माणसाला कंपनीने गमावू नये, हे सांगण्यास अर्थशास्त्राची गरज नाही. १९६७ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील डॉ. हॅरी बेंजामिन यांच्या रूपाने, या बाबतीत सहानुभूतीने उपचार करणारे वैद्य त्यांना भेटले. निर्णय पक्का झाल्यावर त्यांनी तो वरिष्ठांना सांगितला. निकटच्या वरिष्ठांनी काही तोडगा काढण्याचा प्रयत्न केला, असे पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांवरून दिसते. पण प्रकरण थेट टॉमस वॉटसन (धाकटे) या सर्वोच्च अधिकाऱ्यापर्यंत गेले आणि ऑगस्ट १९६८ मध्ये कॉनवे यांना जावे लागले. येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. हेच वॉटसन १९५३ साली, अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेद कायद्याने मान्य असताना, वंश, वर्ण वा धर्म न पाहता केवळ गुणावर माणसे घेतली जातील असे लेखी धोरण जाहीर करून मोकळे झाले होते. ते काही प्रतिगामी मालक नव्हते. किंबहुना आपल्या काळाच्या पुढे असलेल्या माणसालाही आपल्या औदार्याची सीमा कोठे आहे हे दिसत नाही, याचे हे बोलके उदाहरण म्हणावे लागेल.

नोकरी गेली, संसार मोडला, दोन लहान मुलींपासून ताटातूट झाली. त्याच वर्षी मेक्सिकोत शस्त्रक्रिया करून घेऊन, नवे नाव धारण करून, कॉनवे यांनी वयाच्या तिसाव्या वर्षी अगदी तळापासून आरंभ केला. कंत्राटी प्रोग्रॅमर म्हणून काम धरले, मग मेमोरेक्स कंपनीत शिरल्या, आणि १९७३ साली पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या प्रख्यात संशोधन केंद्रात पोहोचल्या. मात्र या वाटचालीची एक अट होती. आय.बी.एम.मधील चार वर्षांचा उल्लेख कोठेही करावयाचा नाही. जुन्या नावाने लिहिलेले प्रबंध आपले म्हणावयाचे नाहीत. नोकरीच्या अर्जात माणूस अनुभव फुगवून सांगतो असा आपला अनुभव. या बाईंना आपल्या सर्वोत्तम कामाचा अनुभव लपवून अर्ज करावा लागला. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर जमविलेले भांडवल स्वतःच्या हाताने शून्यावर आणून त्या बाजारात उभ्या राहिल्या.

आणि तरीही त्यांचे दुसरे काम पहिल्याहून मोठे ठरले. सत्तरीच्या दशकात चिप आखणे ही मूठभर कंपन्यांच्या कारखान्यांतील तज्ज्ञांची मिरास होती. प्रत्येक कारखान्याचे नियम निराळे, त्या नियमांची पुस्तके जाडजूड आणि गोपनीय. ज्याला संगणकाची रचना कळे त्याला चिप घडविणे कळत नसे. ज्याला घडविणे कळे त्याला रचनेशी कर्तव्य नसे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे कार्व्हर मीड आणि कॉनवे यांनी हा गुंता सोडविला. कॉनवे यांनी सारे आखणीचे नियम एकाच मूळ मापाच्या पटीत बसविले. कारखान्याचे तंत्र सुधारले, माप निम्मे झाले, तरी आराखडा तोच राहील, नुसता आकसेल. यामुळे वास्तुविशारद आणि गवंडी यांच्यात जशी कामाची विभागणी असते तशी ती येथेही शक्य झाली. घराचा नकाशा काढणाऱ्याला वीट स्वतः भाजावी लागत नाही. आज चिपची आखणी एका देशात आणि घडण दुसऱ्या देशात होते, बंगळूर-पुण्यातील हजारो तरुण केवळ आखणीवर पोट भरतात, त्याचे मूळ या विभागणीत आहे.

दोघांचे पाठ्यपुस्तक १९८० साली बाजारात रुजले. पण पुस्तक छापून गप्प बसणाऱ्यांपैकी कॉनवे नव्हत्या, आणि अध्यापकाच्या दृष्टीने पाहता त्यांच्या चरित्रातील हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९७८ च्या शरद ऋतूतील सत्रात त्यांनी एम.आय.टी.त हा विषय शिकविला. म्हणजे जी संस्था त्यांना विद्यार्थी म्हणून अर्धवट सोडावी लागली होती, तेथेच त्या अध्यापिका म्हणून गेल्या! विद्यार्थ्यांनी सत्रात आखलेल्या चिप सत्रानंतर प्रत्यक्ष घडवून त्यांच्या हातात देण्यात आल्या. पुढच्याच वर्षी हा प्रयोग १२ विद्यापीठांत एकाच वेळी झाला. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्यावरून ८२ आराखडे आले, ते मोजक्या चकत्यांवर दाटीवाटीने बसविण्यात आले आणि महिनाभराच्या आत चिप तयार होऊन परत गेल्या. छापखान्यात एका मोठ्या कागदावर चार-सहा गिऱ्हाइकांच्या लग्नपत्रिका एकत्र छापून मग कापतात, तसाच हा प्रकार. ठोक खर्च सर्वांत वाटला गेल्याने जे काम कोट्यधीश कंपनीलाच परवडे ते विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले. त्या ८२ आराखड्यांत जिम क्लार्क यांचा एक होता. त्यातून पुढे सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी उभी राहिली. १९८१ पासून अमेरिकी सरकारच्या साहाय्याने ही व्यवस्था कायमस्वरूपी चालू झाली.

आता अर्थशास्त्राकडे वळू. गॅरी बेकर यांनी १९५७ साली आपल्या ग्रंथात असे मांडले की भेदभाव ही मालकाने केलेली एक महागडी चैन आहे. गुणी कामगाराला केवळ द्वेषापोटी नाकारणारा मालक स्वतःचा खर्च वाढवितो, आणि न नाकारणारा प्रतिस्पर्धी त्याला बाजारातून हुसकावतो. सिद्धांत देखणा आहे, शिकविण्यास सोपा आहे. पण फळ्यावर तो लिहून झाल्यावर कॉनवे यांचे उदाहरण आठवते आणि खडू जरा थबकतो. आय.बी.एम.ला त्या बडतर्फीचे मोल कधी द्यावे लागले? संगणकांच्या बाजारपेठेवर तिची पकड इतकी होती की जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी सरकारने तिच्यावर मक्तेदारीविरोधी खटला भरला. ज्याला स्पर्धा नाही त्याला चैन परवडते. शिवाय कॉनवे ज्या प्रकल्पात होत्या तो कंपनीने १९६९ साली गुंडाळलाच. म्हणजे गमावले काय, हे कंपनीच्या हिशेबाच्या वह्यांत कोठे उमटलेही नाही. भेदभावाचा तोटा हा बहुधा असाच असतो. जे घडले नाही त्याची पावती कोणी फाडीत नाही.

दुसऱ्या बाजूला झेरॉक्सला त्या मिळाल्या, हे बेकर यांच्या बाजूचे प्रमाण म्हणता येईल. परंतु त्या मिळाल्या त्या आपली ओळख लपवून. त्यांनी सत्य सांगितले असते तर ते दार उघडले असते काय? बाजाराने भेदभावावर मात केली असे म्हणण्यापेक्षा, एका व्यक्तीने बाजाराला चकविले असे म्हणणे वास्तवाला अधिक धरून होईल. आणि या चकविण्याची किंमत त्यांनी तीस वर्षे एकटीने भरली.

१९८५ साली त्या मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या, १९८९ साली राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर त्यांची निवड झाली, १९९८ साली त्या निवृत्त झाल्या. त्याच सुमारास मार्क स्मदरमन नावाचे एक संगणक-इतिहासकार आय.बी.एम.च्या त्या विसरलेल्या प्रकल्पाचा शोध घेऊ लागले. त्या जुन्या कामाचा कर्ता कोण, हा प्रश्न आता निघणारच होता. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी आपणच सांगावे, असे ठरवून कॉनवे यांनी आपली कहाणी उघड केली. तीस वर्षे जपून ठेवलेले प्रकल्पाचे कागद त्यांच्याजवळ होते. पुढे त्यांनी आपले लेखन आणि प्रतिष्ठा पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी वेचली.

श्रेयाच्या वाटपात मात्र त्या मागेच राहिल्या. मीड यांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते दिले जाणारे तंत्रज्ञान पदक २००२ सालासाठी मिळाले. कॉनवे यांना ते कधीच मिळाले नाही. संशोधकांच्या राष्ट्रीय सन्मानदालनात त्यांचे नाव २०२३ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी गेले. येथे पारलिंगी असण्यापेक्षा स्त्री असण्याचाच अडथळा अधिक होता, असे त्यांचे स्वतःचे मत होते. जोडीने केलेल्या कामाचे श्रेय आधीच नावाजलेल्या पुरुषाकडे आपोआप वाहत जाते, असे त्या म्हणत. आपल्या विद्यापीठांतील शोधनिबंधांवर नावे कोणत्या क्रमाने छापली जातात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

एवढे सारे ठाकुर्लीत बसून का लिहावे, असा प्रश्न वाचक करू शकेल. येथे तर पारलिंगी व्यक्ती आपल्याला भेटते ती मध्य रेल्वेच्या डब्यात, टाळी वाजवीत. आपण खिसा चाचपतो, एक नाणे देतो किंवा खिडकीबाहेर पाहू लागतो. डोंबिवली येते आणि विषय संपतो. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात देशभरात सुमारे ४ लाख ८८ हजार व्यक्तींची नोंद झाली, त्यांपैकी सुमारे ४१ हजार महाराष्ट्रातील. त्यांच्यातील साक्षरता ५६ टक्क्यांच्या आसपास होती; एकूण लोकसंख्येत ती सुमारे ७३ टक्के होती. मुले शाळेतून कोणत्या वयात आणि कोणाच्या चेष्टेमुळे गळतात हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही.

परिस्थिती बदललीच नाही असे मात्र नाही, आणि त्या बदलात ठाण्याचा वाटा आहे. ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी या ज्या खटल्यात पक्षकार होत्या, त्यात १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या समान हक्कांना मान्यता दिली. त्यानंतर २०१९ साली झालेल्या कायद्याने शिक्षण, नोकरी व निवास यांत भेदभावाला मनाई केली. पण कायद्याची धाव कोठवर? डिसेंबर २०२२ मध्ये पोलीस शिपाई भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी रकाना हवा, हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो एका पारलिंगी शिक्षिकेच्या गाऱ्हाण्यावर. उत्तर प्रदेश आणि गुजरातमधील दोन शाळांत तिची नोकरी याच कारणावरून गेली होती. न्यायालयाने तिला भरपाई देवविली आणि धोरण सुचविण्यासाठी समिती नेमली. १९६८ चे अमेरिकेतील प्रकरण आणि हे प्रकरण यांत अर्धशतकाहून अधिक अंतर आहे. बडतर्फीचे कारण मात्र शब्दशः तेच.

नोकरी दिली म्हणजे भागले, असेही नाही. कोची मेट्रोने २०१७ साली २३ तृतीयपंथीयांना कामावर घेतले, तेव्हा देशभर कौतुक झाले. परंतु त्यांपैकी काहींनी थोड्याच दिवसांत काम सोडले, कारण त्या शहरात परवडणाऱ्या भाड्यात त्यांना खोली देण्यास कोणी तयार होईना. श्रमाचा बाजार आणि घरांचा बाजार हे असे एकमेकांत गुंतलेले आहेत. आमच्या भागातील एका गृहनिर्माण संस्थेच्या सभेत हा विषय निघाला होता. कोणीही कठोर बोलले नाही. 'आमची हरकत नाही हो, पण इतर सभासद काय म्हणतील,' असे एकामागून एक सर्वच सभासद म्हणाले! ठराव अर्थातच झाला नाही आणि खोली दिली गेली नाही.

या विवेचनातील एक धोका येथे सांगून ठेवला पाहिजे. कॉनवे असामान्य बुद्धीच्या होत्या म्हणून त्यांच्यावरील अन्याय आपल्याला खुपतो. त्या सामान्य कारकून असत्या तर? जागतिक बँकेसाठी २०१४ साली झालेल्या एका अभ्यासात, समलिंगी व पारलिंगी व्यक्तींना वगळल्यामुळे भारताचे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१ ते १.७ टक्के नुकसान होत असावे, असा अंदाज मांडण्यात आला होता. असे अंदाज उपयुक्त असतात. पण नुकसान ०.१ टक्क्याहून कमी निघाले असते तर अन्याय चालला असता काय? अर्थशास्त्राचा अध्यापक असूनही मला असे वाटते की या युक्तिवादावर फार भार टाकू नये. त्याचा खरा उपयोग इतकाच की 'अशा माणसांमुळे कामात अडथळा येतो' असे म्हणणाऱ्यास उत्तर देता येते. रेल्वेच्या डब्यातून हात पसरीत जाणाऱ्यांत एखादी कॉनवे असेल की नसेल हे कोणालाच ठाऊक नाही, आणि पाचवीत-सहावीत शाळा सुटली असेल तर ते तिचे तिलाही कधी कळणार नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये आय.बी.एम.ने दूरदृश्य पद्धतीने एक समारंभ केला. हजाराहून अधिक कर्मचारी उपस्थित होते. कंपनीच्या वतीने क्षमा मागण्यात आली आणि ८२ वर्षांच्या कॉनवे यांना जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. ज्यांनी १९६८ चा निर्णय घेतला त्या वॉटसन यांना जाऊन जवळजवळ २७ वर्षे झाली होती.

आपल्या सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये चिप-उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्या जोडीला विद्यार्थ्यांनी आखलेल्या चिप मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत घडवून देण्याचा उपक्रमही सुरू झाला. ज्यांना कॉनवे यांचे १९७९ चे प्रयोग ठाऊक आहेत त्यांना ही रीत कोठून आली हे लगेच ओळखू येईल. रीत आपण घेतली, हे उत्तमच झाले. २०१९ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेत तृतीयपंथीयांच्या तक्रारींसाठी एक अधिकारी नेमणे बंधनकारक केले होते. शाळा, महाविद्यालये, बँका, कचेऱ्या, सर्वांचा यात समावेश होतो. आपण जेथे नोकरी करतो तेथील सूचनाफलकावर ते नाव लावलेले आहे काय, हे वाचकांनी उद्या कामावर गेल्यावर पाहावे.